सुटलेली जागा

“काका, बोटीच्या खाली हे काय काढलंय?” चित्रकलेच्या बाईंनी वाकून विचारले.

“पंखा,” तो म्हणाला. “बोट ढकलणारा. चार पात्यांचा.”

बाईंनी समोर पाहिले. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर एक मासेमारीची बोट नांगर टाकून उभी होती. तिचा वरचा निळा पट्टा दिसत होता आणि त्याखाली पाणी होते. मग त्यांनी पुन्हा कागदाकडे पाहिले. कागदावर तीच बोट होती, पण पुरती. तांबडा तळ, तळाचा कणा, सुकाणू, पंखा, सगळे जिथल्या तिथे. माप कुठे चुकलेले नव्हते. फक्त समुद्र तिच्या खालून सुरू होत होता, घराच्या जोत्याखालून अंगण सुरू व्हावे तसा.

“इथून दिसतंय का हे तुम्हाला?”

“दिसत नाही. पण आहे.”

“असेल. पण दिसतं तेवढंच काढायचं, काका.”

शेजारच्या स्टुलावर दातांचे डॉक्टर बसले होते. ते म्हणाले की आमच्या धंद्यात काकांचंच बरोबर, वर दिसतं तेवढ्यावर विसंबलं की पेशंट महिन्याने गाल धरून परत येतो. सगळे हसले. तोही हसला, आणि ब्रश पाण्यात बुडवून पंख्याची चार पाती पुसू लागला. पाती पुसली गेली नाहीत. त्या जागी एक तपकिरी धब्बा झाला आणि बोटीला जखम झाल्यासारखे दिसू लागले.

तो तिसरा रविवार होता. एकूण रविवार नऊच होते.

तो बोटी रंगवणारा माणूस. अडतीस वर्षे गोदीत नोकरी करून आठ वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. एवढ्या वर्षांत त्याने पाण्यातली बोट फारशी पाहिलीच नव्हती, हे सांगून कुणाला पटायचे नाही. पण दुरुस्तीच्या गोदीत बोट आली की दरवाजे लागत, पाणी उपसले जाई, आणि बोट लाकडी ठोकळ्यांवर टेकून उघडी पडे. मग परांचीवर चढून तिला खरवडायचे, धुवायचे, तांबड्या प्रायमरचा एक हात द्यायचा, त्यावर रंगाचे हात. काम संपले की पाणी आत सोडत, आणि बोट तरंगायच्या आत ही मंडळी पुढच्या बोटीखाली शिरलेली असत. समुद्र पाठीमागे दीडशे पावलांवर होता आणि तो कायम पाठीमागेच राहिला. वारा कुठून आहे, रंग कधी सुकेल, एवढ्यापुरतीच दोघांची ओळख. माणसाचे असे पुष्कळदा होते. ज्याच्या जिवावर जन्म काढला त्याच्याकडे तोंड करून बसायला सवड होत नाही.

गोदीत त्याला ‘डबलकोट’ म्हणत. जिथे एक हात पुरे तिथे तो दोन देई, आणि दोन सांगितले तर तिसरा द्यायला रंग उरतोय का ते डब्यात वाकून बघे. रंगकाम झाले की मुकादम बॅटरी घेऊन बोटीखालून फिरायचा. जिथे रंग लागायचा राहिला असेल तिथे खडूने गोल काढायचा. त्याला म्हणत सुटलेली जागा. नखाएवढी जागा सुटली तरी खारे पाणी तिथे बोट ठेवते, मग मूठ घालते, आणि वर्षा-दोन वर्षांत पत्रा आरपार जातो. शेवटच्या अकरा वर्षांत डबलकोटच्या वाट्याच्या अंगावर खडूचा एकही गोल पडला नव्हता. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. त्याने ती नुसती लक्षात ठेवली होती.

आता या वयात ब्रश आणि कागद कुठून आला, तर तो ताईमुळे.

ताई त्याची थोरली बहीण. बारा वर्षांनी मोठी, म्हणजे बहीण कमी आणि आई जास्त. आईवडील लवकर गेले, तेव्हा याला तिनेच वाढवले. पुढे तिचा नवरा गेला आणि तीन वर्षांची मुलगी काखेला मारून ती याच्याकडे राहायला आली. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तिघे राहिले. ताई इस्पितळाच्या धुलाईखान्यात लागली. याच्या लग्नाचे राहूनच गेले. पोरगी शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन लांब आतल्या शहरात गेली. गाडीने एक अख्खा दिवस लागतो तिथे पोचायला. दोन वर्षांपूर्वी ताईचे खुब्याचे हाड मोडले. ते जुळले, पण तीन जिने उतरायचे काही जमेना. दोन वर्षे तिने बाहेरचे जग पाहिले ते गॅलरीतून, आणि गॅलरीतून समोरच्या इमारतीचा मागचा जिना दिसे.

भाचीने फोनवर ठरवून टाकले की आईला घेऊन जाते. तिच्याकडे लिफ्ट होती, दवाखाना जवळ होता, जावई भला होता. मामालाही तिने बोलावले. तो म्हणाला, बघू. बघू म्हणजे नाही, हे तिघांनाही कळले. भांडण झाले नाही, रडारडही नाही. ताईने लिफ्टचा दरवाजा आपोआप उघडतो की ओढावा लागतो, तेवढे विचारून घेतले. मग बऱ्याच वेळाने, उशीचा अभ्रा घडी घालता घालता ती म्हणाली, “तिकडं समुद्र नाही.”

तक्रार नव्हती ती. भाजीत मीठ नाही म्हणावे तसे ती म्हणाली.

“मी काढून देतो,” तो म्हणाला. का म्हणाला ते त्याचे त्यालाही कळले नाही.

ताई तोंडाला पदर लावून हसली. “तू? तू बोटी रंगवल्यास बाबा. त्याही एका रंगात.”

भाचीला हे कळले तेव्हा तिने सांगितले की मामा, त्यापेक्षा फोनवर समुद्राचा व्हिडिओ काढून पाठव, लाटांचा आवाजसुद्धा येतो. पण बोलून गेला होता ना तो. ताईसमोर बोललेला शब्द मागे घ्यायची त्याला लहानपणापासून सोय नव्हती. औषधाच्या दुकानात कागद चिकटवलेला होता: दर रविवारी सकाळी समुद्रकिनारी बसून चित्रकला, वयाची अट नाही. त्याने नाव घातले. भाची न्यायला येईपर्यंत नऊ रविवार होते.

शिकवणाऱ्या बाई शाळेत ड्रॉइंग शिकवत. वयाने त्याच्या भाचीएवढ्या. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितले की घरात बसून फुलदाणी काढणे वेगळे आणि इथे उघड्यावर समुद्र काढणे वेगळे, कारण फुलदाणी तुमच्यासाठी थांबते. हे त्याला पटले, कारण उघड्यावर काम करण्यात त्याचा जन्म गेला होता. पण बोट ठोकळ्यांवरून कुठे जात नसे. समुद्र जात होता. तो ज्या खडकांचे चित्र काढायला बसे ते तासाभराने पाण्याखाली गेलेले असत. खडक संपवावा तर तो समोर नाही, आणि पाणी काढावे तर कागदावर खडक बसलेला. ऊन सरके तशी सावली या बाजूची त्या बाजूला जाई, आणि त्याच्या चित्रात दोन्ही बाजूंना सावल्या पडून राहत. एकदा वाऱ्याने कागद उचलला, तो सरळ डॉक्टरांच्या ओल्या आभाळावर जाऊन चिकटला. सोडवला तेव्हा दोघांचीही चित्रे निम्मी निम्मी एकमेकांवर उमटली होती. गोदीतले नाव त्याने डॉक्टरांना सांगितले होते. ते म्हणाले, डबलकोटराव, भागीदारीत धंदा काढू. रंगात वाळू पडे. ऊन असले तर रंग ब्रशखालीच वाळे, आणि ढग आले की त्या दमट हवेत तासभर वाळायचे नाव घेत नसे.

यातले काही तो शिकला. कागद फळीला चिकटपट्टीने चारी बाजूंनी ठोकल्यासारखा बसवायचा. आधी ठरवायचे की आपण साडेआठचा समुद्र काढतोय, मग दहाच्या समुद्राने कितीही खुणावले तरी तिकडे बघायचे नाही. बोटीला पाण्याच्या रेषेवर कापायचे. हे कापणे त्याला दोन रविवार जड गेले.

पण दोन गोष्टी हातातून जाईनात. एक म्हणजे रंग मिसळणे. गोदीत बोटीच्या एका अंगाला लागेल तेवढा रंग एकदम घोटून घ्यावा लागे, नाहीतर मध्येच छटा बदलते. तो चहाच्या कपात काठोकाठ निळा रंग करून घेई आणि क्षितिजापासून वाळूपर्यंत अख्खा समुद्र त्या एका निळ्यात न्हाऊ घाली. ब्रशची एक रेघ दिसायची नाही. बाई म्हणाल्या की इतकं सपाट मला सांगूनसुद्धा जमणार नाही. त्याला ती शाबासकी वाटली.

दुसरी गोष्ट म्हणजे पांढरे. या जलरंगांत पांढरा रंग वापरायचा नसतो, बाईंनी पुन्हा पुन्हा सांगितले. फेस पांढरा, पाण्यावरचे ऊन पांढरे, ते सगळे म्हणजे कोरा कागद. तिथे ब्रश न्यायचाच नाही. आजूबाजूचे रंगवायचे आणि ती जागा सोडून द्यायची.

“सोडायची,” तो म्हणाला.

“हो. सुटलेली जागाच चित्रात चमकते.”

त्याने मान हलवली. शब्द कळले होते. हाताला ते कळायचे होते.

सहाव्या रविवारी जमल्यासारखे झाले. खडकाला लाट फुटत होती तिथे त्याने दात आवळून ब्रश बाजूने नेला आणि बोटभर कागद कोरा राहिला. बाई थांबल्या, दोन पावले मागे गेल्या, आणि डॉक्टरांना उठवून त्यांनी ते दाखवले. तो घरी आला. चित्र टेबलावर ठेवून हातपाय धुतले, जेवला. जेवताना त्याचे लक्ष तिकडे जात होते. टेबलावरून ती कोरी जागा त्याच्याकडे बघत होती. आडवा झाला तरी झोप लागेना. उठून त्याने कपात थोडा निळा केला. एकच हात, अगदी पातळ, असे स्वतःला सांगितले. एक हात दिला तसा तो आजूबाजूच्या निळ्याशी जुळेना, म्हणून दुसरा दिला.

ताई कॉटवरून बघत होती. “सकाळी लाट होती ना तिथं?” तिने विचारले.

“होती.”

“बुजवलीस?”

तो कप धुवायला उठला. ताईने आजवरची सहाही चित्रे पाहिली होती आणि एकालाही सोडले नव्हते. पंखेवाल्या बोटीला ती म्हणाली होती की ही पाण्यावर उभी का, भिजायला भिते का. सपाट समुद्राला म्हणाली होती की चादर चांगली धुतली आहे, इस्त्रीही कडक. पण त्या दिवशी ती टोचून बोलली नाही. तिचे काम आयुष्यभर उलट्या बाजूचे होते. डाग राहिलेली चादर वॉर्डातून परत येई, आणि धुलाईखान्यात त्यावरून ताईला बोल लागे. म्हणून राहिलेल्या गोष्टीचा धसका तिलाही माहीत होता. ती म्हणाली, “आपल्या दोघांची खोड एकच रे. तू झाकत गेलास, मी धूत गेले.”

मग थोड्या वेळाने म्हणाली की तसाही हा माझा समुद्र नाही.

त्याने विचारले की तुझा कुठला. तिने सांगितले, आणि हे त्याला एकत्र राहून छत्तीस वर्षांत माहीत नव्हते. धुलाईखान्यातून ती चारला सुटे. घरी यायच्या वाटेवर बर्फाच्या कारखान्यामागे समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्या होत्या. ती वरून तिसऱ्या पायरीवर बसे. कुणी बरोबर नाही, हातात काम नाही. साडेचारला गोदीचा भोंगा झाला की उठे, कारण भोंगा झाला म्हणजे हा सुटला, आणि हा यायच्या आत घरात चहाचे आधण हवे.

“रोज?”

“रोज. पावसाळ्यात छत्री घेऊन.”

“काय बघायचीस?”

“काय दिसणार? त्या वेळेला ऊन समोरून. डोळे मिटून घ्यावे लागायचे.”

दुसऱ्या दिवसापासून तो चारला तिथे जाऊ लागला. बर्फाचा कारखाना बंद पडला होता, पण पायऱ्या होत्या. वरून तिसरीवर त्याने फळी मांडीवर घेतली. ताई म्हणाली होती ते खरे होते. थंडीचे दिवस, सूर्य खाली आलेला, आणि पायथ्यापासून क्षितिजापर्यंत नुसता लखलखाट. पाणी म्हणून दाखवता येईल असे काही नव्हते. दोन्ही कडांना थोडा हिरवट काळोख, लांब एक काळी खडकाची रेघ, बाकी सगळे डोळ्यांत जाणारे. त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले.

एवढी मोठी जागा सोडायची म्हणजे काय, त्याला कळेना. पहिल्या दिवशी त्याने ती पिवळी केली. पिवळ्यावर राखाडी. दुसऱ्या दिवशी घरून येताना त्याने बोटींच्या पट्ट्याला लावायचा पांढरा ऑइलपेंट आणला. माळ्यावर अर्धा डबा होता. तो कागदावर दिला तेव्हा झकास दिसला. रविवारी बाईंना दाखवायला नेईपर्यंत तो तडकून त्याचे पोपडे निघाले होते, आणि जे उरले होते ते समोरच्या खऱ्या उन्हात खडूच्या भिंतीसारखे दिसत होते. बाईंनी एक पोपडा बोटावर घेतला. म्हणाल्या, काका, कागदापेक्षा पांढरं काही नाही हो तुमच्याकडे.

त्याने तेव्हा बाईंना सगळे सांगितले. खडूचे गोल, अकरा वर्षे, सहाव्या रविवारची लाट, ताई. बाईंनी ऐकून घेतले. हात तुमचा आहे, पण तुमचं ऐकत नाही, एवढे त्या म्हणाल्या, आणि माझाही पुष्कळदा ऐकत नाही, असे पुढे जोडले. चांगल्या मनाच्या होत्या.

आठवा आठवडा तसाच गेला. नववा रविवार झाला. भाची बुधवारी यायची होती आणि गुरुवारी सकाळी निघायचे होते. ताईची बॅग भरून झाली होती. तिने तिसऱ्यांदा सगळे काढून तिसऱ्यांदा भरले, आणि चित्राचे नाव एकदाही काढले नाही. तेच त्याला लागले. ती हिणवायची तोवर वाट तरी बघत होती.

सोमवारी तो पायऱ्यांवर उशिरा पोचला. ताईच्या औषधांची चिठ्ठी नव्याने करून घ्यायला दवाखान्यात वेळ गेला होता. कागद बसवून, पाणी काढून सुरुवात करेपर्यंत चार वाजून दहा मिनिटे झाली. त्याने आभाळ भरभर घेतले, वरून खाली, फिके होत गेलेले. डाव्या कडेचा हिरवट काळोख घेतला. उजव्या कडेचा घेतला. लांबच्या खडकाची रेघ ओढली आणि तिच्याखाली एक निळसर पट्टा टाकून तो उजवीकडून डावीकडे ब्रश आणू लागला. आता मधली जागा. कपात रंग तयार होता. तो अर्ध्यावर आला असेल, तेवढ्यात भोंगा झाला.

त्याचा हात थांबला.

त्याने थांबवला नव्हता. इतके दिवस भोंग्याच्या आत चित्र पुरे होऊन हात रिकामा झालेला असे. अडतीस वर्षे या आवाजाला ब्रश खाली गेला होता. परांचीवर असो, कण्याखाली उताणा पडलेला असो, भोंगा झाला की हात सुटला. भान आले तेव्हा तो ब्रश फडक्याला पुसत होता आणि कपातला रंग पायरीवर ओतून मोकळा झाला होता. निवृत्त झाल्यालाही आठ वर्षे होऊन गेली होती. पण हे हाताला कुणी सांगितले नव्हते.

मग त्याने कागदाकडे पाहिले. मधला सगळा भाग कोरा होता. निळसर पट्टा अर्ध्यावर येऊन, ब्रश कोरडा होत गेल्यामुळे तुटत तुटत विरला होता, आणि त्या तुटलेल्या ठिपक्यांनंतर काहीच नव्हते. त्याने समोर पाहिले, पुन्हा कागदाकडे पाहिले. कागदाकडे बघतानाही त्याचे डोळे तेवढेच बारीक झाले होते.

तो तिथून घरी गेला नाही. फळी छातीशी धरून तो बाईंच्या दारात गेला. बाई मुलांच्या वह्या तपासत होत्या.

“हे तुमच्याकडे ठेवा,” तो म्हणाला. “परवा नेतो.”

“आत तर या. मस्त झालंय हो हे.”

“म्हणूनच. घरी नेलं तर मी ते पुरं करीन.”

बाईंनी ते दोन दिवस कपाटावर ठेवले आणि मागे जाड पुठ्ठा लावून दिला. मंगळवारी दुपारी तो त्यांच्या इमारतीखालून दोनदा गेला. वर गेला नाही.

बुधवारी संध्याकाळी भाची आली. ती स्वयंपाकघरात डबे उघडून काय टाकायचे, काय ठेवायचे हे मामाच्या डोक्यावर बसून ठरवत होती. एकट्या मामाला एवढी भांडी लागणार कशाला, असे तिने एकदा म्हटले आणि मग काढलेली भांडी ती पुन्हा फळीवर लावत बसली. तेवढ्या वेळात त्याने चित्र बाईंकडून आणले आणि ताईच्या मांडीवर ठेवले.

ताईने चष्मा लावला. पदराचे टोक बोटाला गुंडाळून कडेची धूळ पुसली. बघत राहिली. मग तिचे बोट मधल्या जागेवर आले, कागदाला न टेकता.

“इथं राहिलंय रे,” ती म्हणाली.

आजवर या घरात कुणी असे म्हटले की तो उठत असे. दार असो, खिडकीचा गज असो, फडके घेऊन उठे. आता त्याने दोन्ही हात गुडघ्यांत धरले.

“राहू दे, ताई.”

“राहू दे काय? अर्धं तर कोरंच आहे.”

“ऊन आहे तिथं. चारचं.”

आतून डब्यांचे आवाज येत होते. ताई चित्र जरा लांब धरून बघू लागली, मग जवळ आणले, मग पुन्हा लांब. कपाळाला आठी पडली. डोळ्यांच्या कडा आक्रसल्या आणि पापण्या अर्ध्या मिटल्या. खोलीत साधा दिवा होता, तोही तिच्या पाठीमागे.

“भोंग्याच्या आधीचं आहे,” ती म्हणाली.

“हो.”

“तिसरीवरून.”

“वरून तिसरी.”

तिने मान डोलावली. भाचीला हाक मारून तिने सांगितले की हे बॅगेत घालायचे नाही, चुरगळेल. मी हातात घेऊन बसेन. भाची म्हणाली, अख्खा दिवस हातात? ताई म्हणाली, तुला अख्खा दिवस काखेला घेऊन फिरले, ते नाही विचारलंस.

गुरुवारी सकाळी आठला निघाले. भाचीने आणि गाडीच्या ड्रायव्हरने मिळून ताईला खुर्चीसकट तीन जिने उतरवले. तो पुढे उलटा चालत, खुर्चीचे पाय धरून होता. पहिल्या मजल्यावर दम घ्यायला टेकवले तेव्हा ताई म्हणाली की एवढी माणसं लागत असतील तर मी फार मोठी बाई झाले म्हणायची. खाली आल्यावर तिने रस्ता इकडून तिकडे पाहून घेतला. मागच्या सीटवर बसवल्यावर चित्र मांडीवर दिले. निघताना काय बोलायचे ते दोघांनी रात्रीपासून ठरवले असावे, कारण कुणीच ते बोलले नाही. तिने सांगितले की गॅसचा पाइप बदलून घे. तो म्हणाला, घेतो.

गाडी सुटली. गल्ली सरळ होती आणि ऊन त्याच्या पाठीशी होते, त्यामुळे शेवटपर्यंत नीट दिसत होते. टोकाला गाडी वळली तशी तिची बाजू उन्हात आली. मागच्या दाराच्या काचेत ताईचे डोके दिसले. तिने एक हात डोळ्यांवर धरला, मग तो काढला, आणि मांडीवरचे चित्र उचलून काचेला आडवे धरले.

चित्राचे तोंड तिच्याकडे होते. त्याला मागचा भुरा पुठ्ठा दिसत होता, काचेएवढा, आणि त्याच्या खालच्या कडेला तिची चार बोटे.

समोरून एक टेंपो येत होता म्हणून गाडी क्षणभर थांबली. मग निघाली. तो रस्त्यावर उभा होता. पुठ्ठा काही खाली आला नाही.